चोवीसचा मसला : दहावीला बसलेल्या एका हाफिजाचं प्रकरण

जून २०२३. पहिल्या भेटीच्या माझ्या नोंदीत तीनच ओळी आहेत. 'वय १९. नजर वर उचलत नाही. काहीही विचारलं की इन्शाअल्लाह (अल्लाहची इच्छा असेल तर).' त्याखाली मी निष्कर्ष लिहून मोकळी झाले होते : आत्मविश्वास फार कमी. पुढं कळलं की त्या पानावर वय तेवढं बरोबर होतं.

मी रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका हायस्कुलात तीस वर्षं गणित शिकवलं. आता रविवारी सकाळी वाचनालयाच्या पडवीत बसते आणि दहावी-बारावीच्या पोरांशी पुढं काय करायचं यावर बोलते. येणारा प्रत्येक जण मार्कलिस्ट पुढं करतो. हा मुलगा आला तो आईबरोबर, आणि हातात मार्कलिस्ट नव्हती. त्याचं नाव-गाव इथं देत नाही. हाफिज म्हणजे ज्याला अख्खं कुराण तोंडपाठ आहे तो. गावात सत्तरीचे म्हातारेसुद्धा त्याला 'हाफिजसाब' म्हणतात, मीही तेच म्हणेन.

कुटुंब कोकणी मुसलमान. घरात बोलतात ती कोकणी कुणाही रत्नागिरीकराला न थांबता समजते. वडील वीसेक वर्षं कुवेतला ड्रायव्हर. धाकटी बहीण उर्दू हायस्कुलातून दहावी होऊन बारावी सायन्सला. तो स्वतः गावच्या मराठी शाळेतून पाचवी पास झाला आणि जून २०१५ मध्ये मदरशात गेला. लहानपणी तो फार आजारी होता, तेव्हा आईनं नवस बोलला होता : पोर वाचलं तर त्याला हाफिज करीन.

योगायोग असा, की त्याच जुलैत राज्य सरकारनं जाहीर केलं की गणित, विज्ञान, समाजशास्त्र न शिकवणाऱ्या मदरशांतली मुलं 'शाळाबाह्य' धरली जातील. बराच गदारोळ झाला. शिक्षणहक्क कायद्यानं २०१२ च्या दुरुस्तीत मदरसे आणि वेदपाठशाळा आपल्या कक्षेबाहेर ठेवल्या होत्या, इकडे राज्य त्यांना मोजणीत आणत होतं. त्या वेळी हाफिजसाब कुराणाच्या तीस भागांपैकी पहिला भाग, म्हणजे पहिला पारा, पाठ करत होता. आपण शाळाबाह्य झालो हे त्याला आठ वर्षांनी माझ्याकडून कळलं, आणि त्याला हसू आलं. "सकाळी चारला उठायचो, मॅडम. बाहेर कधी होतो?"

एक गोष्ट इथंच सांगून टाकते. मुसलमान मुलं म्हणजे मदरसा, असं समजणाऱ्यांसाठी हे प्रकरण नाही. सच्चर समितीच्या २००६ च्या अहवालात शाळेच्या वयाच्या मुस्लिम मुलांपैकी जेमतेम ३ ते ४ टक्के मदरशात जातात असं नोंदलंय. म्हणजे हाफिजसाब त्याच्या समाजातही अल्पसंख्याकच. त्याच्या वाडीतली बाकी मुलं दहावी, आयटीआय, बीकॉम अशीच गेली.

मशिदीत आणि बँकेत

हिफ्ज, म्हणजे कुराण पाठ करणं, काय असतं हे मला माहीत आहे असं मला वाटायचं. पाठांतर, दुसरं काय. त्यानं समजावलं तेव्हा मी वही काढली. रोज तीन कामं. 'सबक', म्हणजे आज नव्यानं पाठ केलेलं. 'सबकी', म्हणजे गेल्या काही दिवसांतलं. आणि 'मंजिल', म्हणजे पूर्वीचं सगळं, पाळीपाळीनं. नवं कितीही चांगलं झालं तरी मंजिल कच्ची निघाली की उस्ताद पुढचा सबक देत नाहीत. असं करत तीस पारे त्याला तीन वर्षं लागली. २०१८ मध्ये दस्तारबंदी झाली, डोक्याला पगडी बांधली गेली, आई रडली.

मग आलिमियतची, म्हणजे त्यापुढच्या धर्मशिक्षणाची, चार वर्षं. मधे २०२० आलं. मार्चमध्ये टाळेबंदी, मदरसा बंद, पोरं घरी. ३ जूनला निसर्ग वादळ आलं, घरामागची आंब्याची सात झाडं गेली. दीड वर्ष तो पडलेली बाग साफ करत होता. पुन्हा मदरशात जाऊन दोन वर्षं काढली. मार्च २०२३ मध्ये रमजानच्या आधीच्या, शाबान महिन्याच्या सुट्टीला घरी आला, रमजानमध्ये गावच्या मशिदीत तरावीह पढवली, आणि ईदनंतर आईला म्हणाला की आता परत जाणार नाही. का, ते सांगता येईना. आई हबकली आणि त्याला घेऊन माझ्याकडं आली.

तरावीहबद्दल थोडं सांगायला हवं. रमजानच्या प्रत्येक रात्री नमाजच्या वीस रकात, म्हणजे आवर्तनं, त्यात रोज कुराणाचा ठरलेला भाग तोंडपाठ म्हणायचा, महिनाभरात पूर्ण कुराण. मागं दीडशे माणसं. पहिल्या रांगेत दुसरा हाफिज उभा असतो, तो सामे. म्हणणारा चुकला की सामे तिथंच मोठ्यानं दुरुस्ती सांगतो. त्याला लुक्मा देणं म्हणतात. म्हणणारा तो लुक्मा घेतो, आयत सुधारून पुढं जातो. कुणी हसत नाही, कुणी नंतर विषय काढत नाही.

हाच मुलगा बँकेत पैसे भरायची स्लिप लिहायला बहिणीला सोबत न्यायचा. मराठी बोलायचा माझ्याइतकीच, पण देवनागरी हात पाचवीतच थांबलेला. सही उर्दूत. एका महाविद्यालयाच्या कार्यालयात तो मदरशाचं प्रमाणपत्र घेऊन चौकशीला गेला होता. तिथल्या कारकुनानं कागद उलटा धरून विचारलं, "हे काय आहे? दहावीचं सर्टिफिकेट कुठंय?" मागच्या दोघी मुली हसल्या. कारकुनाचा प्रश्न नियमात बसणारा होता, असं मी आजही म्हणेन. कागद मात्र सरळ धरता आला असता.

माझ्या चुका

१९७७ मध्ये अल्बर्ट बँडुरा या मानसशास्त्रज्ञानं स्वतःच्या क्षमतेवरच्या विश्वासाचा सिद्धांत मांडला. त्याचं मर्म असं, की हा विश्वास अख्ख्या माणसाला मिळून एक नसतो, त्या त्या कामापुरता असतो. १९८३ मध्ये टेलर आणि बेट्झ या दोघींनी त्यावरून करिअरचा निर्णय घेण्याबाबतचा विश्वास मोजायची ५० प्रश्नांची पट्टी केली, पुढं तिची २५ प्रश्नांची आवृत्ती निघाली. मी एका प्रशिक्षणात हे शिकले होते. त्या धर्तीवर मराठीत केलेली एक प्रश्नावली माझ्याकडं असते. ती मी त्याच्यापुढं ठेवली आणि शिकलेलं विसरले.

प्रश्न असे : हे तू करू शकशील असं तुला किती वाटतं? त्यानं पंचवीसच्या पंचवीस ठिकाणी मधल्या आकड्यावर गोल केला. मी तोंडी विचारलं. उत्तर, "इन्शाअल्लाह." मी म्हटलं, "अरे, हो की नाही?" "इन्शाअल्लाह, मॅडम." मी ते संशयाच्या रकान्यात टाकलं.

आठ वर्षं ज्या मुलाला शिकवलंय की 'मी करीन' म्हणणं हा तकब्बुर, गर्व. करवून घेणारा वर आहे. त्याला मी गर्वाची पट्टी लावत होते. आणि नजर? उस्तादापुढं आणि परक्या बाईपुढं नजर खाली ठेवणं हा त्याच्याकडचा अदब. मुलाखतीत डोळ्यांत बघून बोलावं हे शिकवावं लागतं, आणि ते दोन रविवारांत शिकवता येतं. त्यासाठी आत्मविश्वासाचा निकाल लावायची गरज नव्हती.

दुसरी चूक जास्त महागात पडली. त्याला उभारी द्यावी म्हणून मी बिदरच्या शाहीन संस्थेची गोष्ट सांगितली. तिथं हाफिज मुलांना शाळेच्या प्रवाहात आणून तयार करतात आणि त्यातली काही 'नीट'ची प्रवेशपरीक्षा देऊन डॉक्टर झालीत. गोष्ट खरी आहे आणि मोठी आहे. मी ती रंगवून सांगितली. तो मान डोलावत राहिला आणि पुढचे दोन रविवार आलाच नाही. नंतर एकदा म्हणाला, "ती मुलं तेरा-चौदाची असताना तिथं गेली. मी एकोणीसचा. तुम्ही सांगत होतात तेव्हा मला वाटलं, माझी गाडी सुटली हेच सांगतायत." दुसऱ्याचं उदाहरण बघून बळ येतं, पण तो दुसरा आपल्यासारखा दिसला तर. हेही बँडुरानंच सांगून ठेवलंय.

टेबलावरचे मार्ग

त्याच्या पुढं तेव्हा काय होतं? शेजारच्या वाडीत इमामत, म्हणजे मशिदीत नमाज पढवायचं काम : महिना आठ हजार, मशिदीतली खोली, जेवण घरोघरचं. कुवेतला मामूच्या ओळखीनं दुकानात काम. किंवा मदरशात परत जाऊन आलिमियत पुरी करणं. चौथा मार्ग मी शोधत होते. अलिगड मुस्लिम विद्यापीठात २०१३ पासून मदरशातून येणाऱ्यांसाठी वर्षभराचा ब्रिज कोर्स आहे, तो करून तिथल्याच पदवीला जाता येतं. हैदराबादच्या मौलाना आझाद उर्दू विद्यापीठातही तशी सोय आहे. पण त्यासाठी मान्य यादीतल्या मदरशाची पुरी सनद लागते. ह्याची अर्धी.

मला वाटत होतं तो घाबरतोय. घाबरत होताच, पण मी समजत होते त्याला नाही. ऑगस्टमध्ये एकदा आई पडवीबाहेर गेली तेव्हा तो बोलला. हाफिजाच्या आईबापांना कयामतीच्या दिवशी ताज घातला जातो, अशी श्रद्धा आहे. आणि कुराण पाठ करून विसरणं हा मोठा गुन्हा. दहावीच्या अभ्यासात मंजिल सुटली तर? "माझं काय व्हायचं ते होईल. अम्मीचा ताज जाईल." माझ्या प्रश्नावलीत याला रकाना नव्हता.

मी म्हटलं, हे मला सोडवता येणार नाही, तुझ्या उस्तादांना विचार. त्यानं तिथूनच फोन लावला. पलीकडून वृद्ध आवाज आला, "पढ़ो बेटा, मगर मंजिल न छूटे." एवढंच. त्या एका वाक्यानं जे झालं ते माझ्या दोन महिन्यांच्या बोलण्यानं झालं नव्हतं. समुपदेशक म्हणून हे लिहायला जरा जड जातं.

आईला पटवलं ते पासपोर्टनं. दहावी पास नसेल तर पासपोर्टवर ईसीआर लागतं, म्हणजे कुवेत, सौदी, ओमान अशा अठरा देशांत कामाला जायचं तर आधी सरकारची परवानगी. ती कटकट त्या घरानं वीस वर्षं अनुभवलेली. मदरशाची सनद तिथं दहावी म्हणून चालत नाही. आई म्हणाली, "बाई, मग दहावी करू दे. कुवेतला गेला तरी कामास येईल."

राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेत, म्हणजे एनआयओएसमध्ये, नाव घातलं. चौदा वर्षं पूर्ण असली की दहावीला बसता येतं, पाच विषय घ्यायचे, पाच वर्षांत नऊ संधी. पण भाषा जास्तीत जास्त दोन. ह्याला अरबी, उर्दू, मराठी तिन्ही येतात आणि इंग्रजीशिवाय पुढं गाडी चालत नाही. शेवटी अरबी, इंग्रजी, सामाजिक शास्त्र, डेटा एंट्री आणि गणित. गणित त्यानं माझ्या भिडेखातर घेतलं असावं. त्याच महिन्यात त्यानं वाडीतली इमामतही धरली.

नोव्हेंबरचा फोन

गणिताचे पहिले दोन महिने वाईट गेले. अपूर्णांकांपाशी तर तो दगड व्हायचा. पाचवीनंतरचं काहीच नाही, असं मी धरून चालले होते, आणि पाचवीच्या पुस्तकातल्या भाकरीच्या चतकोरांपासून सुरुवात केली होती. एकोणीस वर्षांच्या, मिशी फुटलेल्या इमामाला भाकरीचे तुकडे. आज आठवलं की लाज वाटते.

एका रविवारी एक अष्टमांश अधिक एक षष्ठांश, हे गणित फळ्यावर होतं. तो गप्प. तेवढ्यात त्याचा फोन वाजला. "माफ करा मॅडम, घ्यावा लागेल," म्हणून तो पायरीवर गेला. वाडीत कुणी वारलं होतं. मागं बायको, म्हातारी आई, एक मुलगा. हिस्से कसे पडतील, असं विचारत होते. त्यानं खिशातल्या कागदावर काहीतरी खरडलं आणि मिनिटभरात सांगितलं, "मसला चोवीसचा. बायकोला तीन, आईला चार, बाकीचे सतरा मुलाला. मुफ्तीसाहेबांना विचारून पक्कं करा."

मी फळ्याकडं बघितलं. बायकोचा आठवा, आईचा सहावा. तेच गणित.

"हे चोवीस कुठून आणलंस?" मी विचारलं. तो शिकवायला लागला, मी बाकावर बसले. आठ आणि सहा यांच्यात दोनचा मेळ आहे, त्याला तवाफुक म्हणायचं. म्हणून सहाचे निम्मे तीन घ्यायचे आणि आठाला गुणायचं. एक आकडा दुसऱ्यात पुरा बसत असेल तर तदाखुल, मग मोठाच घ्यायचा. काहीच मेळ नसेल तर तबायुन, सरळ गुणाकार. मी तीस वर्षं ज्याला लघुत्तम साधारण विभाज्य म्हणत आले ते त्यानं मीरासच्या, म्हणजे वारसाहक्काच्या, प्रकरणात, अरबी नावांनी, कागदावर उर्दू आकड्यांत शिकलेलं होतं. त्याला फक्त 'ल.सा.वि.' ही अक्षरं माहीत नव्हती.

मी म्हटलं, "आता फळ्यावरचं कर." त्यानं फळा बघितला, माझ्याकडं बघितलं (पहिल्यांदाच सरळ), आणि खडू घेतला. सात छेद चोवीस.

पुढच्या आठवड्यात मी त्याला सांगितलं की 'अल्जिब्रा' हा शब्द नवव्या शतकातल्या अल-ख्वारिझ्मीच्या ग्रंथाच्या नावातून आला आणि त्या ग्रंथाचा मोठा भाग वारसाहक्काच्या हिशेबांचाच आहे. आधी सांगितलं असतं तर तो बिदरच्या गोष्टीसारखा आणखी एक उपदेश झाला असता. आता त्यानं नुसतं "असं होय" म्हटलं आणि समीकरणं बाहेर काढली. जकात (धर्मानं सांगितलेलं दान) म्हणजे चाळिसावा हिस्सा, म्हणजे अडीच टक्के, इथून शेकडेवारी आणि व्याज सुटलं. व्याजाची गणितं सोडवताना त्याचा चेहरा बघण्यासारखा असायचा. "घेणार-देणार नाही, पण काढून दाखवतो," म्हणायचा.

सगळंच असं सुटलं नाही. भूमितीला मीरासमध्ये जोड नव्हती. बीजगणित बहिणीनं शिकवलं, ती बोलायची फार आणि त्याचं तिच्याशी बिनसायचं. इंग्रजी तर रखडलंच. अभ्यासाची रीत मात्र त्यानं स्वतःच बसवली. फज्रनंतर, म्हणजे पहाटेच्या नमाजनंतर, एक पारा मंजिल, ती कधी चुकवली नाही. मग गणिताचा सबक, गेल्या आठवड्याची सबकी, आणि शुक्रवारी सगळी जुनी उदाहरणं. तो चुकला की मी मोठ्यानं दुरुस्ती सांगायची, त्यानं ती घ्यायची आणि पुढं जायचं. एरवी माझे विद्यार्थी चूक दाखवली की खोडरबर शोधतात.

जानेवारीत बिदरपेक्षा कितीतरी जवळचा माणूस भेटला. तीन गावं पलीकडचा, हाफिज, आता मुंबईतल्या एका इस्पितळात ओमान-येमेनहून येणाऱ्या पेशंटांसाठी अरबी दुभाषा. त्यानं सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून दहावी केलेली, तीही दुसऱ्या खेपेला. सुट्टीवर आला होता. बढाई नाही, काही नाही. म्हणाला, "आपली अरबी किताबी. पहिल्या दिवशी पेशंट बोलला ते एक अक्षर कळलं नाही. 'कुठं दुखतंय' हे त्यांच्या बोलीत विचारायला मला दोन महिने लागले." हाफिजसाबनं त्याला तासभर प्रश्न विचारले. पगार किती हा सातवा की आठवा असेल. पहिला होता, "तरावीहची सुट्टी मिळते का?"

निकाल आणि नंतर

एप्रिल २०२४ ची परीक्षा. अरबी ८१, डेटा एंट्री ६२, सामाजिक शास्त्र ४७, गणित ४४, इंग्रजी २६. पासाला ३३ लागतात. मला वाटलं तो खचेल. तो म्हणाला, "चार पारे पक्के, एक कच्चा." ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या परीक्षेत इंग्रजी ३८ नं सुटलं.

निकालाची वाट बघत असतानाच, ५ नोव्हेंबर २०२४ ला, सर्वोच्च न्यायालयानं उत्तर प्रदेशचा मदरसा कायदा वैध ठरवला, पण त्यातल्या कामिल आणि फाजिल या पदव्या विद्यापीठ अनुदान आयोगाच्या कायद्याशी विसंगत म्हणून बाद केल्या. व्हॉट्सअॅपवर त्याचं भलतंच काही फिरत होतं. तो काळजीनं विचारायला आला, "मग सनदीला किंमतच नाही का?" निकाल त्या राज्याच्या कायद्यापुरता होता, हे मी सांगितलं. पण पदवी म्हणून कुठला कागद चालेल हे विद्यापीठांचा कायदा ठरवतो, हेही सांगावंच लागलं. तो म्हणाला, "म्हणजे दोन्ही वह्या ठेवायच्या."

प्रश्नावली मी २०२५ च्या जानेवारीत पुन्हा भरून घेतली. फक्त या वेळी 'करू शकशील का' ऐवजी 'केलं आहेस का, कसं केलंस' असं विचारलं. बँकेची स्लिप, परीक्षेचा फॉर्म, दुभाष्याला स्वतः लावलेला फोन, पासपोर्टचा अर्ज. तो एकेक सांगत गेला, दीड पान भरलं. शेवटी, पुढं काय, असं विचारलं तर "इन्शाअल्लाह"च म्हणाला. मी ते होकाराच्या रकान्यात लिहिलं.

करिअर ठरलं का? नाही. दहावी आणि बारावीत एनआयओएसला दोन वर्षांचं अंतर लागतं, त्यामुळं बारावीची तयारी सावकाश चाललीय. इमामत चालू आहे, पगार नऊ हजार झाला. आईला आयटीआयचा इलेक्ट्रिशियन हवाय, मामूचा दर शुक्रवारी कुवेतहून फोन येतो, आणि हा मधेच पंधरा दिवस मुंबईला जाऊन त्या दुभाष्यामागं इस्पितळात फिरून आला. परत आला तो आखाती देशांतल्या बोलीचे शब्द वहीत भरून, एका बाजूला किताबी अरबी, दुसऱ्या बाजूला पेशंटची. मराठीत अर्थ लिहिलेत, देवनागरीत, अक्षर अजून पाचवीचं. नवा पासपोर्ट आलाय, त्यावर ईसीआर नाही.

हे सगळं लिहून झाल्यावर मी खर्डा त्याला वाचायला दिला. चार दिवस घेतले. मीरासच्या जागी मी आधी नुसतं 'बायकोला आठवा हिस्सा' असं लिहिलं होतं. त्यानं तिथं बोट ठेवलं. "बाई, औलाद असेल तरच आठवा. नसेल तर चौथाई. मुलगा होता हे आधी लिहा."

मी लिहिलं.